मदत हवी आहे: मुले संगणकाला हरवतात आणि स्पर्धेत जिंकलेले डाव घालवतात

चोपडा_वर्ग

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातल्या एका गावात शाळा सुटल्यावर बुद्धिबळाचा वर्ग घेतो. बारा मुले, वय ९ ते १४. दोघांचे फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रॅपिड रेटिंग १४०० च्या जरा वर, बाकीची बिनरेटिंग. साधने अशी: दोन जुने डेस्कटॉप (विंडोज १०, ६४ बिट, ४ जीबी रॅम, दोन कोअर), एक अँड्रॉइड फोन, पाच लाकडी पट, दोन डिजिटल घड्याळे. नेट फोनच्या हॉटस्पॉटवर, संध्याकाळी रेंज येते-जाते.

मुले लिचेसवर (मोफत बुद्धिबळ खेळायचे संकेतस्थळ) संगणकाच्या तिसऱ्या-चौथ्या पातळीला आरामात हरवतात. स्पर्धेत मात्र एक घोडा वर असूनही डाव बरोबरीत जातो, हत्तीच्या अंतिम खेळात एक प्यादे जास्त असून उपयोग होत नाही, आणि २५ मिनिटे + १० सेकंदांच्या डावात निम्मी मिनिटे घड्याळावर तशीच पडून राहतात. आठव्या पातळीसमोर बसवले तर विसाव्या चालीपर्यंत सगळे आटोपते आणि मूल हिरमुसते. मधली कुठली पातळी लावावी? की संगणकाशी खेळणेच बंद करावे? नेट नसताना काय चालेल तेही सांगा.

तापीकाठ

चौथी पातळी म्हणजे चौथीतला मुलगा नव्हे, घोटाळा तिथेच होतो.

स्टॉकफिशची, म्हणजे तिथे संगणकाकडून खेळणाऱ्या इंजिनाची, ताकद खाली आणली तरी त्याची समज कमी होत नाही. ते निदान चार उमेदवार चाली काढते, आणि पातळी जितकी खालची तितक्या जास्त वेळा त्यातली कमअस्सल चाल मुद्दाम उचलते. लिचेसवर पहिल्या पाचही पातळ्यांना शोधाची खोली पाच अर्धचालीच (अर्धचाल म्हणजे एका बाजूची एक चाल) आहे. त्या पाचांत मुख्य फरक मुद्दाम केलेल्या चुकांच्या प्रमाणाचा. त्यामुळे दहा चाली बिनचूक येतात आणि अकराव्या चालीला, कसलाही दाब नसताना, उंट फुकट मिळतो. मूल यातून एवढेच शिकते की टिकून राहिले की सोंगटी आपोआप पदरात पडते. माणूस असा चुकत नाही. त्याच्यावर एकाच वेळी दोन धमक्या आल्या, सोंगटी जखडली गेली, वेळ संपत आला की तो चुकतो. तो दाब कसा आणायचा हे चौथी पातळी कधीच शिकवणार नाही.

घड्याळाचेही कारण तेच. खालच्या पातळीचे यंत्र थोडे खोल पाहून ताबडतोब चाल टाकते. समोरून सेकंदात उत्तर आले की मुलाचा हातही त्याच लयीत चालतो.

म्हणून माझे मत: यंत्राची ताकद कमी करू नका, पट हलका करा. स्टॉकफिश पूर्ण ताकदीवर ठेवा आणि मुलाला आधीच जिंकलेली स्थिती द्या. बोर्ड एडिटरमध्ये पट मांडायचा आणि तिथूनच संगणकाशी खेळायचे. सुरुवात अशी:

एकटा राजा विरुद्ध राजा आणि हत्ती. बिनचूक खेळात जास्तीत जास्त १६ चालींत मात होते (वजीर असेल तर १०). मुलाला आधी ३० चालींची मुभा द्या, मग २०. घड्याळ ३ मिनिटांचे.

मग राजा-प्यादे. पांढरा राजा ई४, प्यादे ई३, काळा राजा ई६. काळ्याची चाल असेल तर पांढरा जिंकतो, पांढऱ्याची असेल तर बरोबरी. आता तेच प्यादे ई२ वर ठेवा. पांढऱ्याची चाल असूनही पांढरा जिंकतो, कारण ई३ ही एक राखीव चाल हाताशी आहे. या तीन स्थिती मुलाला पाठ नव्हे, समजल्या पाहिजेत. पूर्ण ताकदीचे यंत्र पाठांतर लगेच उघडे पाडते.

त्यानंतर लुसेना, हत्तीच्या अंतिम खेळातली नावाजलेली जिंकायची स्थिती. पांढरा: राजा जी८, प्यादे जी७, हत्ती एफ१. काळा: राजा ई७, हत्ती एच२. पांढऱ्याची चाल. हत्ती ई१ शह, राजा डी७, आणि आता हत्ती ई४. याला पूल बांधणे म्हणतात. पुढे पांढरा राजा बाहेर येतो, काळा हत्ती मागून शह देत राहतो आणि शेवटी पांढरा हत्ती जी४ वर आडवा घातला की शह संपतात. मुले हमखास चुकतात ती इथे: हत्ती चौथ्या ओळीत न आणता राजा घाईने बाहेर काढतात आणि मग शहांपासून आडोसा सापडत नाही.

घोडा वर असून बरोबरी होते, त्यावर उपाय म्हणजे जुनी सूट देण्याची पद्धत. सुरुवातीच्या पटावरून काळ्याचा वजीर उचला, बाकी सगळे जागेवर, काळ्याकडून पूर्ण ताकदीचा स्टॉकफिश. चारपैकी तीन डाव जिंकले की वजीर परत ठेवून ए८ चा हत्ती काढा, नंतर बी८ चा घोडा. सांगायचे एवढेच: वर असताना सोंगट्या मारामारीत संपवा, प्यादी जपा. घोड्याच्या सुटीवर बरीच मुले अडकतील आणि महिनोन्‌महिने अडकू द्या, घाई नको.

शेवभाजी

तापीकाठ आबा, बाकी सगळे मान्य, पण नवशिक्यांसाठी खालची पातळी अगदीच टाकाऊ नाही. ज्याला अजून ‘समोरची सोंगटी मोकळी आहे का’ हे प्रत्येक चालीला पाहायची सवय नाही, त्याच्यासाठी पहिली-दुसरी पातळी बरी. यंत्र सोंगट्या टाकत राहते आणि पोराने त्या टिपायच्या. एकदा सवय लागली की बंद करायचे. चोपड्याची मुले त्या टप्प्याच्या पुढे गेलेली दिसतात.

पूर्ण डाव खेळायचा असेल तर माया वापरा. २०२० मध्ये टोरंटो आणि कॉर्नेल विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट रिसर्च इथल्या संशोधकांनी ही इंजिने मांडली. लिचेसवरच्या माणसांच्या डावांवर शिकवलेली, ११०० पासून १९०० पर्यंत नऊ पातळ्या. सर्वोत्तम चाल शोधणे हा त्यांचा उद्देशच नाही. या रेटिंगचा माणूस इथे काय खेळेल, एवढेच त्या ओळखतात. म्हणून चुकाही माणसासारख्या: जखडलेला घोडा विसरणे, लांबून येणारा उंट न दिसणे. लिचेसवर माया१, माया५, माया९ अशी बॉट खाती आहेत, अनुक्रमे ११००, १५०० आणि १९०० ची.

एक लक्षात ठेवा भो, माया ११०० ही ११०० च्या खेळाडूपेक्षा बरीच जड जाते. ती हजारो खेळाडूंची सर्वाधिक संभाव्य चाल निवडते, आणि एकेकट्याच्या विचित्र चुका त्या सरासरीत गळून पडतात. त्यामुळे बिनरेटिंग मुलांनाही ११०० पासूनच सुरू करा, आकड्याकडे पाहून वर चढवू नका.

चोपडा_वर्ग

दोघांचेही आभार. माया नेटशिवाय चालेल का? आणि दोन संगणकांवर बारा मुले कशी बसवू? एका डेस्कटॉपवर स्टॉकफिश उघडताच बंद पडतो, काही संदेशही येत नाही.

भुसावळ_लोको

बंद पडतो म्हणजे फाइल चुकीची उतरवली आहे. स्टॉकफिशच्या एकाच आवृत्तीच्या प्रोसेसरनुसार वेगवेगळ्या फाइली असतात. एव्हीएक्स२ (नव्या प्रोसेसरच्या सूचनांचा संच) नावाची फाइल जुन्या प्रोसेसरवर उघडताच गप्प मरते, कारण त्या सूचना त्या चिपला येतच नाहीत. नुसते ‘एक्स८६-६४’ लिहिलेली साधी फाइल घ्या. वेग कमी मिळेल, पण मुलांना हरवायला तो भरपूर आहे.

सेटिंगमध्ये थ्रेड्स १ ठेवा, म्हणजे एक कोअर विंडोजला उरतो. हॅश (इंजिनाने वापरायची मेमरी) १२८ एमबी. ४ जीबीच्या मशीनवर उगाच २ जीबी हॅश दिला तर विंडोज मेमरीतला मजकूर हार्ड डिस्कवर टाकू लागते आणि सगळेच रांगते.

नेटशिवाय लुकास चेस घ्या. मोफत आहे, विंडोजवर चालते, जिथे रेंज चांगली तिथून एकदा उतरवून पेनड्राइव्हने दोन्हीकडे टाका. वेगवेगळ्या ताकदीची ढीगभर इंजिने आणि मायाच्या पातळ्या त्यातच येतात. सुरुवातीचा पट स्वतः मांडता येतो, म्हणजे आबांच्या सगळ्या स्थिती जमतील. माया वेगळी बसवायची असेल तर ती लीला नावाच्या दुसऱ्या इंजिनावर चालते, आणि तिथे नोड्सची (तपासायच्या स्थितींची) मर्यादा १ ठेवणे सक्तीचे समजा. मर्यादा सोडली की ती पुढचा शोध घेऊ लागते आणि माणसासारखी राहत नाही. शिवाय त्याच स्थितीला ती तीच चाल देते. मुलांना हे कळले की एकच जिंकलेला डाव पुन्हा पुन्हा खेळतात. दर वेळी सुरुवातीच्या चार-पाच चाली तुम्ही ठरवून द्या.

फोनवर ड्रॉइडफिश हे ॲप. स्टॉकफिश आतच आहे, नेट लागत नाही. पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला असताना अमर्याद विश्लेषण सुरू ठेवले तर फोन तापतो, प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि त्याच वेळात खोली कमी गाठली जाते. एका स्थितीला दहा सेकंद पुरे, मग थांबवायचे.

तापीकाठ

बारा मुलांचे असे करा. दोन संगणक, प्रत्येकी तीन मुले: एक लाकडी पटावर खेळणार, घड्याळ दाबणार आणि चाली लिहिणार. दुसरा संगणकावर चाली भरणार आणि यंत्राची चाल पटावर करणार. तिसऱ्याने आपल्या वहीत मनातली चाल लिहायची, बोलायचे नाही. डाव संपला की जागा बदल. उरलेली सहा मुले आपसात, तीन पटांवर, तीच स्थिती घेऊन. पाच पट बरोबर पुरतात.

यात तीन गोष्टी साधतात. स्पर्धेत लाकडी पट असतो, पडद्यावरचा सपाट नव्हे, ती नजर तयार होते. यंत्राची चाल पटावर यायला पाच-दहा सेकंद लागतात, त्यामुळे ती भयंकर लय तुटते. आणि वीज गेली तरी डाव वहीत आहे, तिथून पुढे खेळता येतो. संगणकावर चाल मागे घेण्याची सोय असतेच, ती वापरायची नाही. हात लावलेली सोंगटी चालवायची.

नंतरच्या विश्लेषणाचा क्रम उलटा करू नका. आधी मुलाने इंजिन बंद ठेवून आपल्या डावातल्या तीन जागा खुणा करायच्या, जिथे त्याला शंका होती. मग इंजिन, एकाच वेळी तीन पर्यायी चाली दाखवायला लावून, खोली २० पर्यंत. या वयात इंजिनाच्या आकड्यात (अधिक म्हणजे पांढरा वरचढ) दीड प्याद्याहून मोठी घसरण तेवढी बघा. ०.४ नि ०.६ च्या फरकावर बोलत बसलात तर मुले आकडे वाचायला शिकतील, पट नाही. आणि अधिक १ म्हणजे डाव जिंकला असेही नाही. स्टॉकफिश १५.१ पासून त्या आकड्याचा अर्थ असा बसवला आहे की इंजिन विरुद्ध इंजिन खेळात जिंकण्याची शक्यता ५० टक्के. दहा वर्षांच्या मुलासाठी तो आकडा जवळजवळ समसमानच.

जिथे अधिक ३ असून डाव सुटला ती स्थिती वेगळ्या वहीत लिहा. पुढच्या आठवड्यात तीच मांडून पूर्ण ताकदीच्या यंत्रासमोर बसवा. दुसऱ्याच्या पुस्तकातल्या स्थितीपेक्षा स्वतःच्या घालवलेल्या डावाची चीड जास्त कामाला येते.

चोपडा_वर्ग

आबा, तुम्हनी गोट खरी शे. एक अडलं: हत्तीच्या अंतिम खेळात बचावाची बाजू मुलांना देऊन पाहिली, फिलिडोर (एक प्यादे कमी असून बरोबरी राखायची नावाजलेली स्थिती). काळा राजा ई८, हत्ती ए६. पांढरा राजा डी५, प्यादे ई५, हत्ती एच७. पूर्ण ताकद लावली तरी यंत्र नुसता हत्ती इकडून तिकडे फिरवते, प्यादे पुढेच टाकत नाही. काही बिघडलंय का?

तापीकाठ

काही बिघडलेले नाही. स्थिती बरोबरीची आहे हे त्याला ठाऊक आहे, त्याच्या लेखी बहुतेक सगळ्या चाली शून्यच, मग प्यादे ढकलण्याचे कारण उरत नाही. ते सापळा लावत नाही, समोरचा चुकेल अशी आशाही धरत नाही. हरलेल्या डावातही तेच होते: मात दोन चाली लांबवायला सोंगट्या फेकते, जिथे माणूस स्टेलमेटचा (चालच उरली नाही म्हणून बरोबरी) डाव टाकेल.

म्हणून नियम असा धरा: जिंकायच्या स्थितीला यंत्र, वाचवायच्या स्थितीला माणूस. फिलिडोरमध्ये पांढऱ्याकडून तुमची १४०० वाली दोन मुले बसवा आणि सांगा, ई६ टाकल्याशिवाय उठायचे नाही. काळ्याने हत्ती सहाव्या ओळीत ठेवायचा, आणि प्यादे ई६ ला आले की त्याच चालीत थेट खाली पहिल्या ओळीत न्यायचा, मग मागून शह. ई६ आल्यावरही सहाव्या ओळीतच रेंगाळला तर राजा ई५ वरून एफ६ ला येतो आणि डाव गेला.

शेवभाजी

लिचेसवर लीलाची सूट देणारी बॉटही आहेत, घोड्याची, वजिराची. ती सुटीच्या डावांसाठीच तयार केली असल्यामुळे मारामारी टाळतात, पट गुंतागुंतीचा ठेवतात, चांगल्या चांगल्यांना वजीर देऊन हरवतात. मुलांना इतक्यात नको. पण सर, तुम्ही स्वतः एकदा बसून बघा, वर असतानाही डाव कसा घालवता येतो ते तिथे नीट दिसते.