मदत हवी आहे: स्कीइंगच्या हंगामासाठी मुक्काम गुलमर्गला की तंगमर्गला?

मंडळी, संभाजीनगरहून आम्ही दोघं जानेवारी-फेब्रुवारी एकाच गावात खोली घेऊन राहणार आहोत. रोज चार तास ऑनलाइन काम.

उत्तराखंडचं औली बाद; 2023 ला जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवेही थांबला. मनालीजवळच्या सोलंगचा उतार शिकण्यापुरता ठीक, पण ऊन तापलं की बर्फाचा चिखल.

काश्मीरमधलं गुलमर्ग 2650 मीटरवर, तिथला गोंडोला (रोपवे) जवळपास 3950 पर्यंत नेतो. वारा सुटला की वरचा टप्पा बंद, म्हणून आठ दिवसांची सहल कामाची नाही. वर भाव हॉटेलाचेच. 13 किलोमीटर खाली तंगमर्ग स्वस्त, पण बर्फ पडला की चाकांना साखळ्या लागतात.

तंगमर्गला बुखारीसकट (लाकडावरची शेगडी) खोली महिन्यावर कितीला मिळते? लाकूड वेगळं घ्यावं लागतं का? नळ गोठल्यावर पाण्याचं काय? बाहेरचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही. पोस्टपेड कुणाचं घ्यावं?

आणि स्कीचे बूट. पाऊल 26.5 सेंटिमीटर, म्हणजे बूटही 26.5 चाच हवा. सैल दिला की टाच उचलते, स्की वळत नाही. नेमक्या मापाचे भाड्याने मिळतात का, की विकतच घ्यावेत?

ज्वारीचं पीठ सोबत नेतोय, तेवढं सोडून सांगा.