किरणोत्सारी कचरा म्हणजे फक्त तारापूर आणि ट्रॉम्बे? एमआयडीसीत विसरलेल्या सोर्सचं काय?

रबाळे_मेंटेनन्स (ऐरोली)

अणुकचऱ्याचा विषय निघाला की आपली गाडी थेट तारापूर, जैतापूर नाहीतर खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेला, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राकडे, जाते. ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाने आधी आपल्याच एमआयडीसीतल्या बंद शेड बघाव्यात, असं मला वाटतं. का ते सांगतो.

मी बावीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होतो. एका टाकीतला माल इतका गरम आणि चिकट असायचा की आत फ्लोट टिकायचा नाही. म्हणून १९९९ मध्ये बाहेरून लेव्हल गेज बसवला. टाकीच्या एका अंगाला शिशाने भरलेला, कुकरएवढा डबा, त्यात सिझियम-१३७ चा सोर्स, म्हणजे किरण सोडणारा किरणोत्सारी तुकडा. समोरच्या अंगाला डिटेक्टर. मधला माल किरण अडवतो, त्यावरून टाकी किती भरली ते कळतं. शटडाउनला टाकीत माणूस उतरवायच्या आधी किरण अडवणारं डब्याचं शटर बंद, त्याला कुलूप आणि चावी आरएसओच्या, म्हणजे किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याच्या, खिशात. हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही.

मग कंपनी बंद पडली. आरएसओ गेला, स्टोअरकीपर गावी गेला, मशिनरी लिलावात निघाली, ‘आहे तशी, आहे तिथे’. पाइपलाइन दाखवायला मला जुन्या ओळखीने बोलावलं. जाऊन बघतो तर भंगारवाल्याची पोरं टाकीवर चढलेली आणि एक जण गॅसकटरची नळी सोडवतोय. कधीतरी अख्ख्या टाकीला सिल्व्हर पेंट मारताना गेजच्या डब्यालाही मारला होता. नखाने खरवडलं तेव्हा खालून पिवळा रंग आणि किरणोत्साराचं तीन पात्यांचं चिन्ह वर आलं. शटरचा दांडा उघड्यावर, कुलूप गायब.

शिसं ३२७ अंशाला वितळतं. गॅसकटरपुढे ते किती टिकणार? आणि सिझियमचं अर्धायुष्य, म्हणजे ताकद निम्मी व्हायचा काळ, तीस वर्षं, त्यामुळे १९९९ च्या सोर्सची निम्म्याहून जास्त ताकद आजही शिल्लक आहे.

पोरांना खाली उतरवलं, शटर बंद केलं, डिक्कीतलं माझं कुलूप त्याला घातलं. पुढचे अकरा दिवस फोन करत होतो. लिलाववाले म्हणाले, आमच्या यादीत असं काही नाही. खरंच नव्हतं. यादीत होतं, ‘एमएस टँक विथ फिटिंग्ज’. शेवटी गेज पुरवणाऱ्या कंपनीची माणसं किरणोत्सार मोजायचं सर्व्हे मीटर घेऊन आली आणि डबा उतरवून घेऊन गेली.

दिल्लीत मायापुरीला २०१० मध्ये हेच झालं होतं, फक्त तिथे वेळेवर कुणी पोचलं नाही. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९८५ पासून वापराविना पडलेलं कोबाल्ट-६० चं यंत्र लिलावात विकलं, भंगारवाल्यांनी फोडलं. एक कामगार गेला, बाकी काही जण बराच काळ इस्पितळात.

म्हणून माझी मागणी: कुठल्या कारखान्यात, कुठल्या इस्पितळात असे सोर्स आहेत त्याची वॉर्डवार यादी लोकांसाठी खुली करा. सोर्स विकत घेतानाच विल्हेवाटीचा खर्च अनामत म्हणून भरून घ्या. आणि भंगाराच्या मोठ्या वजनकाट्यांवर डिटेक्टर सक्तीचा करा.

निवृत्त_ट्रॉम्बे (नेरूळ)

तुम्ही त्या दिवशी केलंत ते फार मोलाचं काम आहे, आधी ते बोलतो. पण यादी जाहीर करायला माझा ठाम विरोध.

माझी नोकरी कचरा व्यवस्थापनातच गेली. (ट्रॉम्बे म्हणजे चेंबूरकडचं, आपलं तुर्भे नव्हे. मराठी वर्तमानपत्रं दोघांनाही तुर्भेच लिहितात आणि लोक घाबरतात.) सोर्स चोरणाऱ्याला काय हवं असतं? पत्ता. तो तुम्ही वॉर्डवार छापून देणार. अणुऊर्जा नियामक परिषदेकडे, म्हणजे एईआरबीकडे, परवाने आणि सोर्सची नोंद आहे, ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर हे सगळं चालतं. सोर्स घेतानाच तो परत कोण घेणार हे ठरवावं लागतं. भारतीय बनावटीचा असेल तर वाशीचं ब्रिट, म्हणजे असे सोर्स पुरवणारी अणुऊर्जा खात्याची संस्था, परत घेतं. १९८७ पासून किरणोत्सारी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे वेगळे नियम आहेत. व्यवस्थाच नाही, असं म्हणू नका.

मोठ्या कचऱ्याबद्दलही थोडं सांगतो. जगभराचा ढोबळ हिशेब असा, की घनफळाने सुमारे ३ टक्के कचऱ्यात ९५ टक्के किरणोत्सार असतो. तो तीव्र कचरा आपण बोरोसिलिकेट काचेबरोबर हजार अंशांच्या आसपास वितळवून स्टेनलेस स्टीलच्या डब्यांत ओततो. तारापूरला असे डबे हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने थंड राहणाऱ्या तळघरात ठेवलेत. पंखा नाही, मोटर नाही, वीज गेली तरी हवा खेळतच राहते. काच अशासाठी की ती पाण्यात विरघळायला फार वेळ घेते. सौम्य कचऱ्यासाठी जमिनीलगत काँक्रीटचे खंदक असतात, आणि त्यांच्यावर सुमारे ३०० वर्षं देखरेख गृहीत धरलेली असते, कारण सिझियम आणि स्ट्रॉन्शियमची दहा अर्धायुष्यं तेवढ्यात उलटतात. त्याच तीव्र कचऱ्यातून ट्रॉम्बेला सिझियम वेगळं काढून काचेच्या कांड्या केल्या जातात. रक्तपेढीत रुग्णाला द्यायचं रक्त विकिरित करायला त्या वापरतात.

दिवाळे_कोळीवाडा

काका, तुमचा मान राखून बोलतो. मूळ लेखकाने ‘आधी एमआयडीसीतल्या बंद शेड बघा’ म्हटलं आणि तुम्ही लगेच ‘सगळं काचेत बंद आहे’ म्हणालात. आमच्या होड्या ज्या पाण्यात जातात त्याच्याबद्दल दोघंही गप्प.

उपचार केलेलं सौम्य पातळीचं पाणी ट्रॉम्बेहून खाडीच्या मुखाशी सोडतात, हे गुपित नाही. तुमच्याच शास्त्रज्ञांनी खाडीच्या गाळातलं सिझियम-१३७ मोजून इंग्रजी नियतकालिकांत छापलंय. म्हावरं कमी झालं त्याचा आळ मी ट्रॉम्बेवर घालत नाही. कारखान्यांचं पाणी, भराव, पुलांची कामं, गाळ, कारणं खंडीभर आहेत. पण चिंबोरी गाळातच राहते, निवटी गाळावरच चरते, आणि ती पहिली आमच्या ताटात येते. आकडे आहेत तर ते कोळीवाड्याच्या देवळासमोर मराठीत का लागत नाहीत? आमची आई रोज पहाटे म्हावरं घेऊन बाजारात बसते. तिला गिऱ्हाईक विचारतं, खाडीचं आहे का, चालेल ना? तिने काय सांगायचं?

छोट्या डब्याची भीती मला कळते. पण ती पुढे करून मोठा प्रश्न मागे सारू नका.

एनडीटी_रेडिओग्राफर (तुर्भे)

काका कागदावरची व्यवस्था सांगतायत, मी साइटवरची सांगतो.

आम्ही पाइपलाइनचे जॉइंट शूट करतो, म्हणजे किरणांनी फोटो काढून आतले दोष बघतो. कॅमेऱ्यात इरिडियम-१९२, अर्धायुष्य ७४ दिवस, त्यामुळे सोर्स सतत बदलावा लागतो. त्याची ने-आण बरी चालते, कारण नवा सोर्स मिळाल्याशिवाय धंदाच होत नाही. अडतं ते जुन्या कॅमेऱ्यापाशी. बऱ्याच कॅमेऱ्यांत आतलं कवच शिशाचं नसतं, क्षीण युरेनियमचं असतं. सोर्स मेला तरी ते कवच स्वतः किरणोत्सारी राहतं, म्हणून असा कॅमेरा भंगारात देता येत नाही. छोटा कंत्राटदार धंदा गुंडाळतो तेव्हा वीस किलोचा हा ठोकळा ऑफिसच्या माळ्यावर जातो. भाडं थकतं, मालक गाळा रिकामा करतो. पुढे?

एका रात्री सोर्स नळीतून कॅमेऱ्यात परत ओढायची क्रँक पूर्ण फिरवली, सोर्स आत आला असं वाटलं, हेल्पर नळी काढायला निघाला. माझ्या हातातलं मीटर खाली येईना. पिगटेल, म्हणजे टोकाला सोर्स असलेली छोटी तार, सुटून नळीतच अडकलं होतं. तो पोरगा आज ठणठणीत आहे तो त्या मीटरमुळे. परवाना त्या रात्रीही आमच्या फाइलमध्ये होताच.

२०१२ च्या कॅगच्या अहवालातही हेच होतं, वापरून झालेले सोर्स खरोखर सुरक्षित विल्हेवाटीला गेले का, हे तपासायची नीट यंत्रणा नाही. त्यानंतर सुधारणा झाली, मान्य. पण नोंदणी झालेला सोर्स आणि प्रत्यक्ष जागेवर असलेला सोर्स यांची गाठ कोण घालतं? अनामतीच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा.

न्यूक्लिअर_मेडिसिन (खारघर)

मी टेक्नॉलॉजिस्ट आहे. यादी जाहीर करायला माझाही विरोध आहे, पण काकांच्या कारणासाठी नाही.

थायरॉइडच्या कॅन्सरला आम्ही आयोडीन-१३१ चा मोठा डोस देतो. पेशंट वेगळ्या खोलीत राहतो, त्याच्या संडास-बाथरूमचं पाणी गटारात न जाता तळघरातल्या डिले टँकमध्ये साठतं. एक टाकी भरली की व्हॉल्व्ह बंद, दुसरी चालू. आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं, ऐंशी दिवसांत हजारावा हिस्सा उरतो. मगच, मोजून, पाणी सोडायचं. ही विल्हेवाट संयमाची आहे, त्यात काही गाडावं लागत नाही.

एका ताईंना मीटरवर मोजून, रीडिंग मर्यादेत आल्यावरच घरी सोडलं. सोसायटीत कुणीतरी त्यांचं डिस्चार्ज कार्ड पाहिलं. त्यांना लिफ्ट वापरू नका असं सांगितलं गेलं. गळ्याला टाके, आणि सहा मजले चढून गेल्या. पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा मला विचारत होत्या, मी अंगणवाडीत पुन्हा कामाला जाऊ शकते ना? तुमची वॉर्डवार यादी लागली की इस्पितळाच्या आसपासच्या प्रत्येक पेशंटचं असं होईल. मूळ लेखकांनी याचा विचार केलाय का?

घोडबंदर_वाचक

काका, काचेचे डबे कितीही चांगले असोत, ते जमिनीवरच आहेत ना? प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४ हजार वर्षं. फिनलंडने ओंकालोला ४०० मीटरहून खोल खडकात कायमची जागा खोदली. आपल्याकडे अशी जागाच नाही. मग आणखी अणुभट्ट्या कशाच्या भरवशावर?

निवृत्त_ट्रॉम्बे (नेरूळ)

घोडबंदरकरांना आधी. आपण वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम बाहेर काढून पुन्हा इंधन म्हणून वापरायचं धोरण ठेवलंय, त्यामुळे काचेत जाणारा दीर्घायुषी भाग बराच कमी होतो. फिनलंडचं धोरण अख्खं वापरलेलं इंधन तसंच गाडायचं, म्हणून त्यांची निकड मोठी. तरी उरलेल्या भागाला शेवटी खोल खडक लागणारच. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या वापरात नसलेल्या भागात हजार मीटर खोलीवर उष्णतेचे प्रयोग आपण १९८०च्या दशकातच केलेत. जागा अजून नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे.

दिवाळ्याच्या मुला, तुझ्या प्रश्नाला बगल दिली असं तुला वाटलं असेल तर ते माझं चुकलं. खाडीच्या गाळात सिझियम सापडतं. त्यातलं काही जगभर सगळीकडेच सापडतं, १९५० आणि ६०च्या दशकांतल्या बॉम्बचाचण्यांमुळे. म्हणून नुसतं ‘सापडलं’ म्हणून चालत नाही, किती सापडलं आणि त्यातून माशाद्वारे माणसाला किती डोस जातो ते बघावं लागतं. ते मोजणारी पर्यावरण प्रयोगशाळा आहे, माझे मित्र तिथे आयुष्यभर गाळाचे नमुने सुकवत बसले. पण तुझ्या आईला समजेल अशी एक ओळ मराठीत आम्ही कधी लिहिली नाही. याला उत्तर नाही माझ्याकडे. छापून आलेले निबंध काढून मी मराठीत सांगायला तयार आहे. देवळासमोर बसू.

दिवाळे_कोळीवाडा

या काका. पण एकटे नका येऊ, गाळ मोजणाऱ्या एखाद्या मित्राला घेऊन या. आमची म्हातारी माणसं उलटे प्रश्न विचारतील.

दहिसर_मोरी_गोदाम

आमचं भंगाराचं गोदाम आहे, शीळफाट्याच्या पुढे. तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलताय, आम्हाला कुणी विचारत नाही. आमच्याकडे दिवसाला सात-आठ गाड्या खाली होतात. शिसं मिळालं की पोरं खूश होतात, भाव चांगला मिळतो. शिशाचा जड डबा दिसला तर आधी तोच फोडणार, हे खरं आहे. ते तीन पात्यांचं चित्र मी आज मोबाइलवर पोरांना दाखवलं. पाचातले चार म्हणाले पंख्याच्या कंपनीचा मार्का आहे. आता असा डबा आला तर करायचं काय? पोलिसांना सांगितलं तर माल जप्त आणि आम्हीच आत. आणि ते मीटर केवढ्याला पडतं?

रबाळे_मेंटेनन्स (ऐरोली)

खारघरच्या ताईंचं म्हणणं वाचून गप्प बसलो होतो. इस्पितळांचा विचार मी केलाच नव्हता. जाहीर यादीची मागणी मागे घेतो. यादी अग्निशमन दल, एमआयडीसी कार्यालय आणि लिलाव करणारी बँक यांच्याकडे तरी असलीच पाहिजे, आणि एईआरबीचा ना-हरकत कागद असल्याशिवाय बंद कारखान्याची मशिनरी लिलावात निघता कामा नये. यावरून मी हटणार नाही. अनामत आणि काटा, दोन्ही मागण्या कायम.

गोदामवाले दादा, पंख्याचा मार्का वाटणं हे फक्त तुमच्या पोरांचं नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अकरा देशांत लोकांना विचारून २००७ मध्ये नवं चिन्ह आणलं, लाल त्रिकोणात कवटी आणि पळणारा माणूस, कारण जुनं कुणाला कळत नव्हतं. पण आपल्या भागातल्या जुन्या डब्यांवर पंखाच असणार, तोही रंगाखाली.

असा डबा आला तर फोडू नका, उचलून दुसरीकडे नेऊ नका. पोरांना लांब करा, दोरी बांधा, फोटो लांबून झूम करून काढा, ११२ ला फोन करून ‘किरणोत्सारी वस्तू’ हा शब्द वापरा. स्वतःहून कळवणाऱ्याचा माल जप्त होऊन त्यालाच आत टाकू नये, ही तुमची मागणीही आपण निवेदन देऊ त्यात घालू.

मीटरची किंमत एनडीटीवाले भाऊ नीट सांगतील. भाऊ, रविवारी तुमचं मीटर घेऊन याल का दहिसर मोरीला? मी येतो. माझा तो सिल्व्हर पेंटवाल्या डब्याचा फोटोही प्रिंट करून आणतो, काट्याजवळ लावायला.

एनडीटी_रेडिओग्राफर (तुर्भे)

रविवारी शूट आहे पहाटेपर्यंत. अकरानंतर चालेल. पोरं सगळी असतील तेव्हाच बोलवा.