‘झपाटलेला’ तो, मग ती कोण?

नौपाडेकरीण: आमच्या नौपाड्यातल्या काही जणींचा सिनेमा बघायचा कट्टा आहे. येत्या रविवारी ‘द शायनिंग’ (१९८०) आहे: बर्फानं वेढलेल्या भुताळी हॉटेलात जॅक, त्याची बायको वेंडी आणि त्यांचा लहान मुलगा, आणि पुढे जॅक कुऱ्हाड घेऊन त्या दोघांच्याच मागे लागतो. यातल्या वेंडीच्या बाजूनं टिपण लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. जॅकसाठी शब्द शोधावाच लागला नाही: ‘झपाटलेला’. वेंडीसाठी ‘पीडिता’ लिहिलं, खोडलं. ‘बळी’ लिहिलं, तेही खोडलं. काय लिहू?

कोपरीकाका: ‘बळी’ नकोच. बळी गेला म्हणजे जीव गेला. वेंडी तर पोराला घेऊन बर्फावरच्या गाडीतून निसटते. ‘बळी पडली’ म्हणावं, तर थापांना बळी पडल्यासारखी ती भोळसट ठरते.

वाशीवाली: ‘पीडिता’ हा बातम्यांतला शब्द. बलात्काराच्या बातमीत बाईचं नाव छापायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून तिथे चालतो. वेंडीला नाव आहे की!

घोडबंदरचा वाचक: ताई, माझी अडचण तुमच्या पहिल्याच शब्दाशी आहे. झपाटणारं दुसरंच कोणीतरी असतं, भूत म्हणा नाहीतर ते हॉटेल म्हणा. माणूस बिचारा नुसता तावडीत सापडलेला. पण हॉटेलात मुक्काम टाकायच्या आधीच जॅकनं पोराचा खांदा निखळवलाय, तोही दारू पिऊन. वेंडी डॉक्टरीणबाईंना हे सांगते तो प्रसंग पुन्हा बघा. बोटांत सिगरेट, झटकायची राहून गेलेली लांबच लांब राख, ओठांवर कसंनुसं हसू. आणि सांगणं काय, तर तो अपघातच होता. आपल्याकडची बाई हेच सांगताना म्हणेल, ‘हिसका जरा जोरात बसला, खांदा निखळला.’ वाक्यात नवरा कुठेच नाही. ‘त्यांचा हात उठला’ हेही त्याच जातीचं. ‘त्यांनी हात उचलला’ म्हणायला जीभ रेटत नाही. तिच्या बाजूनं लिहायचं तर ‘त्यानं निखळवला’ असं लिहा. विशेषणाचं नंतर बघू.

नौपाडेकरीण: पटलं. पण तिच्या भीतीचं काय? आमच्यातल्याच दोघी तिला ‘रडूबाई’ म्हणतात.

वाशीवाली: त्या दोघीच कशाला? वाईट कामाची टर उडवणारे रॅझी पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिल्याच खेपेला याच भूमिकेसाठी शेली डुव्हालला ‘सर्वांत वाईट अभिनेत्री’चं नामांकन होतं. ते मागे घेतलं २०२२ मध्ये!

घोडबंदरचा वाचक: ‘घाबरट’ आणि ‘घाबरलेली’ यांत फरक करा. ‘घाबरट’ हा स्वभाव झाला, दोष तिचा. ‘घाबरलेली’ म्हटलं की कशानं, कोणामुळे, हा प्रश्न येतो. जिन्यावर ती रडत रडत, मागे सरकत बॅट फिरवते आणि शेवटी हाणतेच. मग त्याला फरफटत नेऊन कोठीत कोंडते. रडूबाई!
मी स्वतः ‘धास्ती’ म्हणेन. भीती समोर उभी असते, धास्ती अजून न घडलेल्याची. तो टाइप करत बसलेला असतो, ती खायला आणू का विचारते, आणि तो खेकसतो की मी इथे असलो की फिरकायचं नाही. ती ‘बरं’ म्हणून निघून जाते. तोवर कुऱ्हाड कुठेच नसते.

कोपरीकाका: आणि बाई अशी धास्तावलेली असते, त्याच घराबद्दल बाहेर ‘काय दरारा आहे हो त्यांचा!’ असं कौतुकानं बोलतात. जॅकला ‘दरारा’ लावून बघा.

वाशीवाली: नाही लागत, काका. दरारा असला की नुसती खाकरणी पुरते. याला दार फोडावं लागतं.

नौपाडेकरीण: ‘धास्ती’ हेच शीर्षक ठेवतेय. ‘झपाटलेला’ काढायला मात्र हात धजत नाही. कोठीची कडी आतून निघणारी नव्हती, ती बाहेरून कोणी काढली? आणि शेवटी शेवटी तीच भुतावळ वेंडीलाही दिसते. तिला ‘झपाटलेली’ म्हणायचं का मग? ती तर शेवटपर्यंत पोरालाच शोधत असते.

घोडबंदरचा वाचक: तिला ‘दिसलं’ म्हणा. गावाकडे म्हणतात तसं, ‘तिला तिथे काहीतरी दिसलं.’ दिसणं वेगळं, झपाटणं वेगळं.