सफर, शर्यत आणि संसार: केप जॉर्ज ३६ की रस्टलर ३६?

तापीकाठचा_खलाशी (चोपडा)
आपल्या खान्देशात शिडाच्या बोटींवर बोलणारे थोडे, पण जे आहेत ते जीव तोडून बोलतात. म्हणून विषय इथेच काढतो: दूरची सफर, शर्यत आणि बोटीवर थाटलेला संसार, या तिन्हींसाठी केप जॉर्ज ३६ आणि रस्टलर ३६ या शिडाच्या बोटींतली कुठली सरस?

२०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर पहिल्या आल्या, आपले अभिलाष टॉमी दुसरे. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. जीपीएस नाही, सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून आपली जागा काढायचं यंत्र) आणि कागदी नकाशे. कर्स्टन यांची 'मिनेहाहा' ही केप जॉर्ज ३६, टॉमींची 'बयानत' ही रस्टलर ३६. दोन्हींची कील (बोटीच्या तळाखालचा जड कणा) लांब, सुकाणू कीलच्या मागच्या कडेला जोडलेलं.

माझं मत स्पष्ट आहे. तिन्ही कामांना केप जॉर्ज सरस, आणि कारण एकच: वॉटरलाइन, म्हणजे पाण्याच्या पातळीवर मोजलेली बोटीची लांबी. केप जॉर्ज पाण्यालगत साधारण साडेएकतीस फूट भरते, रस्टलर जेमतेम सत्तावीस. अशा जड बोटीचा वरचा वेग या लांबीवर ठरतो. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. केप जॉर्जला साडेसात नॉट (तासाला साडेसात सागरी मैल) मिळतात, रस्टलरला सात. वारा भरपूर असेल तर अर्ध्या नॉटचे दिवसाला बारा सागरी मैल होतात. शिवाय साडेदहा टनांची बोट, महिनोन् महिन्यांचं धान्य-पाणी भरलं तरी फारशी दबत नाही.

भुसावळ_अप_लाइन
भाऊ, माले पटत नही. वर्गमूळ बरोबर आहे, निष्कर्ष नाही. वरचा वेग गाठायला तेवढा वारा सतत लागतो. विषुववृत्ताच्या पट्ट्यात वारा पडला की साडेदहा टन ओढायचे कशाने? रस्टलर साडेसात टनांच्या आसपास.

निकालच बघा ना. आठ महिन्यांनंतर दोघांत अंतर किती? कर्स्टन २७ एप्रिल २०२३ ला पोचल्या, टॉमी २९ ला. त्याआधीची, २०१८ ची शर्यत ज्याँ-लुक व्हॅन डेन हीड यांनी रस्टलर ३६ वरच जिंकली होती. तुम्ही एका निकालावर बोट निवडताय.

तापीकाठचा_खलाशी
अंतर मोजताना एक गोष्ट सोडू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये हिंदी महासागरात याच शर्यतीतले टापियो लेहटिनेन यांची बोट काही मिनिटांत बुडाली. कर्स्टन यांनी वाट वाकडी केली, रात्रभर बोट हाकून त्यांना तराफ्यावरून उचललं, जहाजावर सोपवलं आणि मग शर्यत पुढे चालू केली. त्या वेळेची भरपाई त्यांना मिळाली, पण एवढं करून त्या पहिल्या आल्या हे बोटीचंही यश आहे.

भुसावळ_अप_लाइन
त्या बाईंच्या हिमतीला हात जोडतो. पण ते यश आधी त्यांचं. दक्षिण महासागरात त्या आधीपासून बोटी चालवत होत्या, आणि शर्यतीआधी कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेटावर राहून बोटीचं काम स्वतः उभं राहून करून घेतलं. तशी तयारी रस्टलरची केली असती तर? टॉमींचंही बघा. वाऱ्यावर चालणारं सुकाणूयंत्र मोडत गेलं तेव्हा संडासाचं दार कापून त्याची पाती केली आणि बोट घरी आणली. २०१८ मध्ये याच शर्यतीत डोलकाठी मोडून पाठीचा कणा दुखावलेला माणूस हा!

नंदुरबारची_लेक
शर्यतीवरून तुमचं चालू द्या, मला राहण्याबद्दल बोलायचंय. नोकरी मुंबईत, त्यामुळे पावसाळ्याआधी बोटी पाण्याबाहेर काढतात ते दरवर्षी बघते. केप जॉर्जचा सांगाडा फायबरग्लासचा, पण डेक, म्हणजे वरचा तक्ता, लाकडी. आपल्याकडे मे महिन्यात सागाचं दारसुद्धा आकसतं, फटीतून उजेड दिसतो, आणि आषाढात तेच दार चौकटीत अडकतं. डेकचं तेच होणार. दोन फळ्यांच्या सांध्यातला मसाला एका कोपऱ्यात जरी सुटला तरी पाणी आत झिरपतं, खालचं लाकूड गुपचूप कुजतं, आणि तुम्हाला कळतं ते थेट गादी ओली झाल्यावर. रस्टलरचा डेक फायबरचा. धुतला, सांधे तपासले, झालं.

दुसरं म्हणजे केप जॉर्जचे सांगाडे अनेकांनी अर्धवट घेऊन आतलं काम घरी केलं. म्हणून प्रत्येक बोट वेगळी. एखादी देखणी निघेल, एखादीत वायरिंग शोधायला फळ्या उचकटाव्या लागतील. संसार थाटायचा तर मी रस्टलर घेईन. रुंदीलाही ती थोडी जास्तच आहे.

तापीकाठचा_खलाशी
डेकचा मुद्दा मान्य, ताई. तो खर्च खरा आहे. पण लाकूड हाताने दुरुस्त होतं. दूरच्या बंदरात सुतार मिळतो.

शिरपूरचा_इंजिनीअर
दोन्ही जुन्या धाटणीच्या कशाला? स्पर्धेच्या नियमाने १९८८ आधीचं डिझाइन लागतं म्हणून तिथे त्या दिसतात. ज्याला ती शर्यत करायचीच नाही, त्याने आखूड कीलची नवी बोट घ्यावी. वळते पटकन, वाऱ्याच्या तोंडावर चांगली चढते, आतून ऐसपैस.

नंदुरबारची_लेक
आणि खडकावर आपटली तर? आखूड कीलचा सगळा भार थोड्याच जागी येतो, सुकाणू उघडं लोंबतं. 'सुहेली' आठवा. बत्तीस फुटी, मुंबईत सागवानात बांधलेली, लांब कीलची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये तिच्यावरून न थांबता एकट्याने जगाची पहिली प्रदक्षिणा केली. वेग कमी होता, पण घरी आली.

शिरपूरचा_इंजिनीअर
प्रत्येकाला दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न गाठायचंय का? मुंबई ते गोवा, फार तर लक्षद्वीप, एवढ्यासाठी दहा टन कशाला ओढायचे? मी तर आखूड कीलच घेईन.

भुसावळ_अप_लाइन
मुंबई-गोव्यापुरतं तुमचं बरोबर. लक्षद्वीपला मात्र प्रवाळ आहे, तिथे मी रस्टलरच नेईन. चोपडेकर, तुम्ही डेकचा खर्च धरून दोन्हींचा दहा वर्षांचा हिशेब मांडा. आकडे टाका, मग पुढे भांडू.