हरिहरेश्वर ते मालवण किनाऱ्याने: फेरीबोटी, मासळी आणि आईसाठी शाकाहारी काय?

भटकी_जमात
मंडळी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून गाडी काढतोय. मी, नवरा, एक मैत्रीण आणि आई. चार रात्री, पाच दिवस. ताम्हिणीतून माणगाव-म्हसळा करत हरिहरेश्वर, तिथून हायवेला न लागता मालवण, येताना फोंडा घाटाने कोल्हापूर. मुक्काम मुरुड, गुहागर, गणपतीपुळे, मालवण असे धरलेत. गाडी सेडान आहे. आम्ही तिघं मासे खायलाच चाललोय म्हणा, पण आई शुद्ध शाकाहारी. कांदा-लसूण चालतो तिला. फेरीबोटींचं गणित कसं बसवायचं? कुठे काय खायचं? आणि आईला चार दिवस पनीर खायला लागू नये, एवढं बघा!

खाडीकाठ
आधी मुरुडचं बघ. मुरुड दोन आहेत, एक रायगडातलं जंजिऱ्याचं आणि दुसरं दापोलीचं, हर्णैच्या शेजारचं. तुला दुसरं हवंय. हॉटेल बुक करताना पत्त्यात 'ता. दापोली' आहे ना, ते वाचल्याशिवाय पैसे भरू नकोस.

तुमच्या वाटेत फेरीबोटीने ओलांडायच्या खाड्या तीन. हरिहरेश्वरजवळ बागमांडल्याला गाडी बोटीत चढवायची, बाणकोटची खाडी ओलांडून वेशवीला उतरायचं. पुढे दाभोळ-धोपावे, म्हणजे वाशिष्ठी. मग तवसाळ-जयगड, म्हणजे शास्त्री. बोटीवर पाच-दहा मिनिटं जातात, खरा वेळ खाते ती रांग. शनिवार-रविवार दुपारी बारा ते चार टाळा. शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, नकाशातल्या ॲपवर विसंबू नका. दाभोळची चुकली तर दापोली-खेड-चिपळूण करत गुहागर गाठायला शंभरावर किलोमीटर जास्त पडतात, तेही घाटवळणाचे. जयगडची चुकली तर एवढं नुकसान नाही, भातगावच्या पुलावरून जाता येतं.

सेडानला भीती उताराची. ओहोटीला पाणी खाली गेलं की धक्का आणि बोटीची फळी यांत कोन पडतो आणि गाडीचं पोट घासतं. मागची माणसं उतरवा, पहिल्या गिअरमध्ये, थोडं तिरकं घेत चढवा. बोटीवर हँडब्रेक लावून गाडी गिअरमध्येच ठेवा आणि सगळे बाहेर उभे राहा. सुटे पैसे जवळ असू देत, खाडीत रेंज असतेच असं नाही.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर ४ गुणिले पाऊण, म्हणजे ३. साधारण तीन वाजता पूर्ण भरती, सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. रोज वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. हे अंदाजासाठीच, पण इथे अंदाजाचा फार उपयोग होतो. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची. भरतीत त्या कातळावर लाट माणूस ओढून नेते, देवळात 'आत्ता जाऊ नका' म्हणाले तर वाद घालू नका. उलट हेदवीची बामणघळ, म्हणजे किनाऱ्याच्या कातळातली अरुंद घळ, भरतीलाच बघायची, तेव्हा लाट तिच्यातून उंच उडते. ओहोटीला ती नुसती भेग दिसते.

तिरफळ
खाण्याचं मी सांगते. या रस्त्यावर एकच नियम: आधी सांगा, मग खा. घरगुती खाणावळीत माणसं मोजून मासळी आणतात. सकाळी दहाच्या आत फोन केलात तर दुपारी ताजं मिळतं. दीड वाजता दारात जाऊन उभं राहिलात तर जे उरलंय ते.

कशाला किती आधी सांगायचं ते लिहून ठेव. उकडीचे मोदक आदल्या संध्याकाळी. गावठी कोंबडीचे कोंबडी-वडे किमान तीन-चार तास आधी, कारण ती कोंबडी शिजायलाच तास-दीड तास घेते. लगेच मिळाली तर ती बॉयलर आहे हे समजून जा. आणि आईसाठी सगळ्यात महत्त्वाचं: काळ्या वाटाण्याची उसळ. वाटाणे रात्रभर भिजल्याशिवाय शिजतच नाहीत, म्हणून ऐन वेळी मागितली तर पनीर पुढे येतं. आदल्या रात्री सांगितलंस तर मालवणात आईला भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातली उसळ आणि वडे मिळतील. तुम्ही तिघं तिच्याच ताटात बघत बसाल.

गुहागर, वेळणेश्वर, हेदवी या पट्ट्यात तर आईची चैन आहे. घरगुती शाकाहारी जेवण तिथे फार चांगलं असतं: डाळिंब्यांची उसळ, कुळथाचं पिठलं, अळूचं फतफतं, तांदळाची भाकरी, मऊभात-मेतकूट. नाश्त्याला पोहे-उपमा मागू नका, ते पुण्यात मिळतात. घावनं किंवा आंबोळी सांगा. घावन जाळीदार हवं आणि तव्यावरून थेट ताटात यायला हवं. एकावर एक रचून ठेवलेली वाफेने चिकट होतात. मालवणात शिरवाळे मिळाले तर सोडू नका: उकडलेल्या तांदळाच्या पिठाच्या गोळ्यांच्या ताज्या शेवया, सोबत नारळाचा गूळ-वेलची घातलेला रस.

मासे. हर्णैच्या बंदरावर दुपारी चारनंतर लिलाव असतो. तो टोपल्यांचा, व्यापाऱ्यांचा. आपण बाजूला बसलेल्या बायकांकडून घ्यायचं. कल्ले उघडून बघा: लालभडक हवेत, तपकिरी नकोत. डोळा फुगीर आणि स्वच्छ. बोटाने दाबल्यावर खळगा राहिला तर पुढे चला. मासळी मुक्कामाच्या ठिकाणी करून देतात, पण तेही आधी विचारा.

मालवणात सुरमईच्या ताटावर सगळे तुटून पडतात. माझं मत विचाराल तर बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट दाटसर कालवण, घ्या. डिसेंबरात बांगडा चांगला असतो, स्वस्त असतो आणि तिरफळाचा, म्हणजे माशात घालतात त्या सुक्या फळाच्या मसाल्याचा, खरा वास त्यातच येतो. तिरफळ चावायचं नाही हं, ताटाच्या कडेला काढायचं. जीभ बधिर होते.

भटकी_जमात
बाप रे, वही घेऊनच बसले आहे! तिरफळताई, डिसेंबर म्हणजे मार्गशीर्षाचे गुरुवार आले ना? त्या दिवशी मासे मिळतील? आणि येताना काय आणायचं?

तिरफळ
बाजारपेठेतल्या खाणावळी चालू असतात. घरगुती मुक्कामी मात्र मार्गशीर्षातल्या गुरुवारी बरेच जण मासळी शिजवत नाहीत, काही घरांत सोमवारीही नाही. बुकिंग करतानाच वार सांगून विचार. त्यापेक्षा गुरुवार गुहागरला पाडा, म्हणजे आईचा दिवस होईल आणि तुम्हालाही मोदक.

घाटमाथा
मला हा आराखडाच पटत नाही. चार रात्री चार ठिकाणी म्हणजे रोज सकाळी बॅगा आणि आईची दमछाक. गणपतीपुळ्याचा मुक्काम काढा. सकाळी गुहागरहून निघा, तवसाळची बोट धरा, पुळ्याला दर्शन घ्या, आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी, तिथे जेवण. मग पावस, आडिवरे, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड करत रात्री मालवण. दिवस लांबलचक आहे, पण मालवणात दोन रात्री मिळतात. सिंधुदुर्ग किल्ल्यावर सकाळच्या पहिल्या होड्यांनी जा. दहानंतर उन्हात तट चढवत नाही.

खाडीकाठ
घाटमाथा, आईंना घेऊन एका दिवसात गुहागर ते मालवण? नको रे. तो रस्ता नकाशावर छोटा दिसतो, पण दर खाडीला आत वळून परत बाहेर येतो. त्यापेक्षा मुरुडची रात्र काढा: हरिहरेश्वरला दुपारी पोचून तिथेच मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळची बागमांडला बोट, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णै, संध्याकाळच्या आत दाभोळ आणि रात्री गुहागर. तिसरी रात्र रत्नागिरी किंवा पावस, चौथी मालवण. लिलाव बघायचा हट्ट मात्र सोडावा लागेल, चारला तिथे थांबलात तर दाभोळला अंधार होतो.

घाटमाथा
बरं, आईंचा मुद्दा मान्य. पण मालवणात एकच रात्र म्हणजे पाप आहे.

आमसूल
तुमचं भांडण चालू द्या, मी पिशवीचं सांगतो.

दुकानात 'कोकम' म्हणून दोन बाटल्या शेजारी असतात. सरबताचं कोकम साखरेचं. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस. सोलकढीला आगळच लागतं. सरबताच्या बाटलीने सोलकढी केली तर गुलाबी खीर होते. लेबलवर साखर लिहिलीय का ते बघा. आगळाचा रंग काळपट लाल असतो. चमकदार गुलाबी दिसलं तर ठेवून द्या.

घरी करायची रीत: एका मध्यम नारळाचं खोबरं, २ लसूण पाकळ्या, १ हिरवी मिरची, कोमट पाणी २ वाट्या, वाटून पिळून घ्या. चोथ्यात आणखी १ वाटी पाणी घालून दुसऱ्यांदा पिळा. ३ ते ४ चमचे आगळ एकेक चमचा घालत चाखा. मीठ सगळ्यात शेवटी, कारण आगळातच असतं. इथेच बहुतेकांची खारट होते. गरम कधीच करायची नाही, आंबटामुळे नारळाचं दूध फुटतं. फ्रिजमध्ये वर घट्ट थर आला तर ती बिघडलेली नाही, ढवळा.

वड्याचं पीठ तयार मिळतं, पण घरी सोपं आहे: १ किलो जाडा तांदूळ, पाव किलो उडीद डाळ, २ चमचे धने, १ चमचा मेथी, १ चमचा बडीशेप, जरा भरड दळा. कोमट पाण्यात घट्ट भिजवून तीन-चार तास झाकून ठेवा. वडे फुगत नाहीत त्याची कारणं दोनच: तेल पुरतं तापलेलं नाही किंवा थापताना मधे जाड आणि कडेला पातळ झालंय. पीठ सुकलं असेल तर कडा चिरतात, ओल्या हाताने परत मळा.

मालवणी खाजा घ्या, बेसनाच्या कांड्यांवर गुळाचा पाक आणि आलं. एक कांडी मोडून बघा, कट्कन तुटली पाहिजे. सुका जवळा, बोंबील घेणार असाल तर आधी कागद, मग प्लॅस्टिकची पिशवी, तोंड बांधून स्टीलच्या डब्यात आणि डबा डिकीत. नुसत्या पिशवीतून आणलात तर एसीतून पुण्यापर्यंत सगळ्यांना कळतं, आणि आई शेजारी बसल्यात.

ओली मासळी नेणार असाल तर पोट साफ करून घ्या, थर्माकोलच्या खोक्यात मासळीच्या वजनाइतकाच बर्फ, थरावर थर, आणि वितळलेलं पाणी काढून टाकत राहा. मासळी त्या पाण्यात पडून राहिली की मऊ पडते. कोल्हापूरला तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी थांबणार असालच, तर तिथे बर्फ बदलून घ्या.

भटकी_जमात
ठरलं: पहिली रात्र हरिहरेश्वर, गुरुवार गुहागर, आणि नवऱ्याला एक दिवस जास्त रजा टाकायला लावून मालवणात दोन रात्री. खाडीकाठ आणि घाटमाथा, दोघांचंही ऐकलं. उद्याच फोन करायला घेते, पहिला काळ्या वाटाण्याचा.