विज्ञानाच्या तासाला खत केलं की मुलं क्रिएटिव्ह होतात का?

खडूवाली: आठवीला विज्ञान शिकवते. यंदा भौतिक, रसायन, जीव वेगवेगळं न घेता तीन आठवडे एकच विषय धरला, ओला कचरा. पिंपात खत करायचं आणि रोज तापमान लिहायचं. एका गटाचं पिंप ५० अंशांच्या वर गेलं, दुसऱ्याचं थंडगार, वर घाण वास. मग मुलांनी जे तर्क लढवले ना, ओलं जास्त झालं, हवा जात नाही, पिंप लहान म्हणून उष्णता टिकत नाही, आणि तपासायच्या युक्त्यापण त्यांच्याच! सगळं विज्ञान असंच शिकवावं असं माझं मत.

जुनाबाक: सगळं? खताच्या कचऱ्यात कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण साधारण ३० ला १ लागतं हे मुलांना कोणी सांगितलं? तुम्हीच ना. माहिती नसताना लढवतात ते तर्क नाहीत, तुक्के. आणि क्रिएटिव्हिटीच्या नावाखाली बऱ्याचदा बाटलीत रोप लावून फोटो काढणंच चालतं.

खडूवाली: सांगितलं मीच, पण अमोनियाचा वास सुटल्यावर, म्हणजे नायट्रोजन जास्त झाल्यावर. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर वहीत उतरवून विसरली असती.

तिरकीरेघ: माझा आक्षेप वेगळाय. पर्यावरणाच्या धड्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, प्लास्टिक वाईट, कागद चांगला. कागदी पिशवी बनवायला पाणी जास्त लागतं, मग एकदाच वापरून टाकली तर फायदा काय, असं एखादं पोर म्हणालं तर त्याला मार्क देणार का? नसाल देणार तर कसली आलीये सर्जनशीलता, ती तर सुविचाराची वही.

जुनाबाक: हे पटलं. २०२२ च्या पिसामध्ये, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, सर्जनशील विचारात सिंगापूर पहिलं आलं, आणि गणित-विज्ञानातही तेच. आधी पाया.

खडूवाली: अहो म्हणजे दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत, हे तर माझ्याच बाजूचं झालं की! "आधी" कुठून काढलंत?

जुनाबाक: बरं, त्या तीन आठवड्यांत प्रकाशाचं परावर्तन झालं का?

खडूवाली: राहिलं. जादा तास घेऊन उरकलं, खोटं कशाला बोलू.

तिरकीरेघ: ताई, मार्कांचं राहिलंच.

खडूवाली: ते अजून जमलेलं नाही. किती तर्क मांडले आणि त्यातले किती तपासले ते मोजते, पण एक मुलगी एकच तर्क लिहिते आणि नेमका तोच बरोबर निघतो, तिला किती द्यायचे सांगा.