प्रतिसाद: फेडरल ट्रायल जज कसे होतात?

वर विचारलंय की अमेरिकेत फेडरल ट्रायल जज (केंद्रीय कोर्टात खटले चालवणारा न्यायाधीश) व्हायला आपल्या जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) पदासारखी परीक्षा असते का. नसते. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजुरी देते आणि नेमणूक तहहयात. त्यामुळे तिथे ठरलेली शिडीच नाही, प्रत्येकाची वाट वेगळी.

मला फार जवळची वाटते ती कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांची. वडील येल विद्यापीठातल्या विद्यार्थी-क्लबांत आचारी. पुढं शिकायला पैसे नव्हते. मॉटली यांचं एक भाषण ऐकून गावातल्या एका दानशूर गृहस्थानं शिक्षणाचा खर्च उचलला. मग कोलंबिया विद्यापीठातून लॉ, थरगूड मार्शल (पुढे सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश) यांच्याबरोबर नागरी हक्कांची वकिली, आणि सुप्रीम कोर्टात १० खटल्यांत युक्तिवाद. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला तोवर फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश त्यांनीच मिळवून दिला.

१९६६च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी फेडरल जज म्हणून त्यांचं नाव सुचवलं. सिनेटच्या न्यायविषयक समितीचा अध्यक्ष नेमका मिसिसिपीचाच, वंशभेदाचा समर्थक सिनेटर, जेम्स ईस्टलंड. त्यानं सात महिने अडवून धरलं! ऑगस्टमध्ये मंजुरी मिळाली आणि त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला फेडरल जज झाल्या.

१९७५चा प्रसंग तर वाचायलाच हवा. त्यांच्यासमोर एका बड्या लॉ फर्मवर स्त्रियांशी भेदभाव केल्याचा खटला होता. फर्मच्या वकिलांचं म्हणणं, तुम्ही स्वतः स्त्री आणि नागरी हक्कांच्या वकील, तेव्हा बाजूला व्हा. त्यांनी ठाम नकार दिला. वंश, लिंग किंवा पूर्वीची वकिली एवढ्यावरच जज बाद होत असेल, तर या कोर्टातल्या कुणालाच हा खटला चालवता येणार नाही, कारण प्रत्येकाला लिंग आहेच, असं त्यांनी आदेशात मांडलं.